हॉटेलवाल्यांनो, एक रात्र आपल्याच खोलीत झोपून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत नव्या हॉटेलांवर लेख येतात ते मी आवर्जून वाचते. लॉबी किती भव्य, पूल कुठल्या मजल्यावर, खिडकीतून काय दिसतं, सगळं असतं त्यात. पण पलंगाशेजारी प्लग पॉइंट आहे का, हे एकाही लेखात आजवर वाचल्याचं आठवत नाही. मी कामानिमित्त सतत बाहेर असते, कधी आई बरोबर असते कधी भाऊ, आणि खोलीत पाय ठेवला की आम्ही सगळ्यात आधी तेच शोधतो. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण छापता आलं तर बघा.

माझं म्हणणं थोडक्यात असं की हॉटेलची खोली ठरवणारा माणूस ती खोली दारात उभा राहून बघतो, दिवसा, सगळे दिवे लावून. आणि राहणारा ती वापरतो रात्री, आडवा पडून, अंधारात, नाहीतर ओल्या अंगाने बाथरूममध्ये. सगळी गडबड तिथेच होते. फोटोत दिसतं त्यावर पैसा लागतो आणि हाताला जे लागतं त्याचा कुणी विचारच करत नाही.

प्लगचंच घ्या. पलंगाच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट पाहिजे, बस. असतं काय तर टेबललॅम्पची वायर काढावी लागते, किंवा पलंग सरकवून मागे हात घालावा लागतो, किंवा एकच सॉकेट टीव्हीखाली असतं आणि फोन तिथे जमिनीवर ठेवून झोपावं लागतं. आता फोनवरच अलार्म असतो, फोनवरच तिकीट असतं, रात्री घरून फोन येईल ही धाकधूक असते, तो हाताशी नको? काही ठिकाणी हौसेने यूएसबीचे पॉइंट बसवलेत पण ते जुने चौकोनी, त्यात फोन रात्रभर रखडत चार्ज होतो आणि लॅपटॉपचा तर प्रश्नच नाही. युरोपियन युनियनने २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या मोबाइलला यूएसबी-सी सक्तीचं केलं, म्हणजे पुढे काय लागणार हे उघड आहे. तरी माझं मत विचाराल तर साधं सॉकेटच बरं, कारण चार्जरचे प्रकार बदलत राहतात, भिंतीतलं सॉकेट तसंच राहतं, आणि अनोळखी यूएसबी पॉइंटमध्ये फोन घातला तर माहिती चोरीला जाईल ही भीती असते ती पण राहत नाही. परदेशी पाहुणे येतात त्यांच्यासाठी सगळ्या पिना बसतील असं एखादं युनिव्हर्सल सॉकेट असलं की झालं.

याच्याच जोडीला ते दाराशी कार्ड घालायचं प्रकरण. कार्ड काढलं की खोलीतली वीज बंद. वीज वाचते, त्याबद्दल तक्रार नाही, रिकाम्या खोलीत एसी चालू राहायला नकोच. पण त्याच झटक्यात चार्जिंगला लावलेला लॅपटॉपही बंद होतो आणि फ्रिजही. मग लोक काय करतात, रिसेप्शनवरून दुसरं कार्ड मागून घेतात आणि ते तिथेच खोचून दिवसभर बाहेर जातात, म्हणजे वीज वाचवायचा मूळ हेतूच गेला. एक सॉकेट आणि फ्रिज एवढं वेगळ्या सर्किटवर ठेवलं तर दोन्ही साधतं, चांगली हॉटेलं करतातही.

फ्रिजवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ते आमच्या घरातलं दुखणं आहे. भावाला इन्सुलिन लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. आम्ही एका हॉटेलात उतरलो होतो, फ्रिज होता, आम्ही निर्धास्त होऊन इन्सुलिनची पेनं त्यात ठेवली आणि बाहेर गेलो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर आत घाम फुटलेला, बाटल्या कोमट, कारण आम्ही कार्ड घेऊन गेलो होतो. रिसेप्शनवरचा मुलगा भला होता, त्याने पुढचे दिवस किचनच्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय केली, पण ज्याला हे लक्षात आलं नसतं त्याचं काय? आणि उलटं पण होतं, काही छोट्या फ्रिजमध्ये मागची प्लेट इतकी गार असते की तिला टेकलेलं औषध गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, फेकायचं. शिवाय बरेच मिनीबार हे पेयं गार राहावीत एवढ्यापुरतेच असतात, आतलं तापमान किती ते दाखवायची सोय नाही. काही ठिकाणी तर आतली बाटली जरा हलवली की सेन्सरमुळे बिलात लागते, मग औषधाला जागा करायची कशी! मला वाटतं प्रत्येक हॉटेलने एवढं तरी करावं, मागितला तर औषधासाठी वेगळा छोटा फ्रिज, आत साधा थर्मामीटर, आणि तो कार्डवर चालणारा नको. इन्सुलिनच कशाला, लहान बाळांचं दूध आहे, डोळ्यांचे काही थेंब आहेत, गरज कितीतरी लोकांना असते पण सांगायला संकोच वाटतो.

आता दिवे. १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर नावाच्या माणसाने हॉटेल काढलं. प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम हे तर त्याने केलंच, पण दिव्याचं बटण दाराच्या अगदी लगत बसवलं, म्हणजे अंधारात शिरणाऱ्याला चाचपडावं लागू नये. केवढा बारीक विचार आहे बघा! आणि आज शंभराहून जास्त वर्षांनी मी खोलीत शिरते तर बटणांचा एक टच पॅनल असतो, त्यावर न कळणारी चिन्हं, एक दाबलं तर पडदा हलतो, दुसरं दाबलं तर बाथरूमचा दिवा जातो, आणि झोपायच्या वेळी कुठलातरी एक दिवा विझतच नाही. मग उठा, फिरा, शोधा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सगळे दिवे बंद करणारं एक बटण आणि वाचायला एक दिवा, तोही असा की एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही, यापलीकडे काही नको.

रात्री बाथरूमला जायचं तर जमिनीलगत एक मंद दिवा पाहिजे. आत्ता काय होतं की बाथरूमचं बटण दाबलं की भक्क उजेड आणि बरोबर घरघरणारा पंखा, शेजारी झोपलेला माणूस जागा होणारच. आणि पडदे! जाड पडदे लावतात, चांगले असतात, पण मध्ये बोटभर फट राहते आणि पहाटे त्या फटीतून उजेडाची पट्टी नेमकी तोंडावर. दोन पडदे एकमेकांवर थोडे चढतील एवढी लांबी ठेवायला काय जातं? लांबचा प्रवास करून, वेगळ्या टाइम झोनमधून आलेल्या माणसाला दिवसा झोपावं लागतं, त्याला अंधार हा औषधासारखा लागतो. टीव्हीचा लाल दिवा, एसीचा निळा आकडा, राउटरचं लुकलुकणं, मी यांच्यावर चिकटवायला बॅगेत काळी टेप ठेवते आणि असं करणारे प्रवासी मला बरेच भेटलेत. एसीचं अजून एक, काही खोल्यांत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, माणूस गाढ झोपला की त्याला वाटतं खोली रिकामी आहे, मग एसी बंद होतो आणि मध्यरात्री घामाघूम होऊन जाग येते. असला सेन्सर बसवायचाच असेल तर रात्री तो बंद ठेवता आला पाहिजे.

बाथरूमबद्दल मात्र मला मनापासून राग आहे, कारण तिथे गैरसोय नाही, तिथे माणूस पडतो. आईचे गुडघे दुखतात. बाथटबमध्ये उतरताना धरायला काही नव्हतं म्हणून तिने टॉवेलचा रॉड धरला आणि तो स्क्रूसकट भिंतीतून निघून हातात आला. मी दारातच उभी होते म्हणून सावरलं. टॉवेलचा रॉड टॉवेलसाठी असतो, त्यावर माणसाचं वजन पेलत नाही. आधाराची दांडी वेगळी असते. अमेरिकेत अपंगांसाठीचा जो कायदा १९९० मध्ये झाला त्याच्या नियमांत अशी दांडी २५० पौंड म्हणजे जवळपास ११३ किलो भार सोसणारी असावी आणि जमिनीपासून साधारण ८४ ते ९१ सेंटिमीटरवर असावी असं लिहिलंय. पण तिथेही हे ठरावीक खोल्यांपुरतं. माझं म्हणणं, प्रत्येक बाथरूममध्ये एक दांडी का नको? म्हातारी माणसं, गरोदर बाई, पाय मुरगळलेला तरुण, साबणाने निसरड्या फरशीवर सगळेच सारखे. आता दिसायलाही छान दांड्या मिळतात, दवाखान्यासारखं दिसेल ही सबब चालत नाही.

शॉवरचा नळ शॉवरच्या बरोबर खाली असतो, म्हणजे तो सोडायला गेलं की पहिलं गार पाणी डोक्यावर, किंवा उकळतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलांची तर आणखी पटकन, म्हणून तापमान एका मर्यादेच्या वर जाऊ न देणारा थर्मोस्टॅटिक नळ लावतात आणि तो बाहेर उभं राहून हात घालता येईल अशा जागी लावावा. काचेचं अर्धवट पार्टिशन दिसायला सुंदर पण सगळी फरशी ओली करतं. आणि भिंतीवर लावलेल्या शॅम्पूच्या मोठ्या बाटल्या, त्या मला पसंत आहेत, छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कचरा होतो म्हणून कॅलिफोर्नियाने २०२३ पासून ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांत त्या देणं बंद केलं ते योग्यच आहे. पण त्या मोठ्या बाटल्यांवर नाव इतकं बारीक की चष्मा काढलेल्या माणसाला शॅम्पू कुठला आणि बॉडी लोशन कुठलं ते कळत नाही. अंघोळीला चष्मा घालून कोण जातं हो? ठळक अक्षरात लिहा, एवढंच.

हुक हवेत. सुक्या जागी, दाराच्या मागे, निदान चार. काढलेले कपडे, घालायचे कपडे, टॉवेल, पर्स, हे सगळं कमोडच्या झाकणावर ठेवायचं का? आणि बाथरूमला दार हवं, खरं, बंद होणारं, आरपार न दिसणारं. काचेच्या भिंतीची बाथरूम ज्याने काढली त्याच्या डोळ्यांसमोर फक्त नवविवाहित जोडपी असावीत. वडील आणि मोठी मुलगी, दोन सहकारी, मैत्रिणी, असेही लोक एका खोलीत राहतात, त्यांनी काय करायचं, एकाने बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहायचं?

बाकी बारीकसारीक. दोन माणसांच्या खोलीत बॅग ठेवायचे स्टँड दोन असावेत, एक नाही, कारण दुसरी बॅग मग जमिनीवर नाहीतर पलंगावर जाते आणि ढेकूण बॅगेतूनच घरोघरी पोचतात. धुतलेला एखादा कपडा वाळत घालायला बाथरूममध्ये ओढून घेता येणारी दोरी. नीट बसता येईल अशी एक खुर्ची आणि लॅपटॉप मावेल असं टेबल. टीव्हीवर आधीच्या पाहुण्याचं अकाउंट तसंच उघडं असतं, ते चेकआउटला आपोआप पुसलं गेलं पाहिजे. इस्त्री प्रत्येक खोलीत नसली तरी चालेल, मजल्यावर एक असू द्या.

आणि काय नको तेही सांगते. पलंगावरच्या त्या शोभेच्या उशा नकोत, त्या काढून ठेवायला जागा नसते. पायाशी टाकलेला तो रंगीत पट्टा नको, तो प्रत्येक पाहुण्यानंतर धुतला जात असेल असं मला वाटत नाही. टॉवेलचे हंस नकोत. त्याऐवजी एक जाड, एक पातळ अशा दोन तऱ्हेच्या उशा द्या, मान दुखणारा दुवा देईल.

हॉटेलवाले म्हणतात खर्च येतो. येतो, मान्य आहे, भिंत फोडून वायरिंग करायला येतोच. पण खोल्यांचं नूतनीकरण दर काही वर्षांनी होतंच ना, तेव्हा संगमरवराबरोबर चार सॉकेट आणि एक दांडी टाकायला किती येणार आहे. हुक, ठळक लेबल, पडद्याची लांबी, दुसरा स्टँड, यांना तर तेवढी पण वाट बघायला नको. आणि मालकांनी, निदान मॅनेजरने, वर्षातून एकदा आपल्या सगळ्यात साध्या खोलीत बॅग घेऊन रात्री उशिरा यावं, फोन चार्जिंगला लावावा, अंघोळ करावी, झोपावं, मध्यरात्री उठावं. कुठल्याही फीडबॅक फॉर्मपेक्षा जास्त कळेल, कारण फॉर्ममध्ये सेवा कशी होती, नाश्ता कसा होता एवढंच विचारतात.

बुकिंगच्या साइटवर पूल, जिम, पार्किंग यांच्यापुढे टिक करता येते, पण पलंगाजवळ सॉकेट, बाथरूममध्ये आधाराची दांडी, चोवीस तास चालणारा फ्रिज, यांना रकानाच नाही. फोन करून विचारलं तर समोरचा हो म्हणून मोकळा होतो. आईला घेऊन जायचं ठरलं की मी हल्ली बाथरूमचा फोटो मागवते आणि बरेचदा तो येतच नाही.

तुमची एक मदत होऊ शकते. पुरवणीत हॉटेलवर लिहिणाऱ्यांना सांगा की लॉबीचा फोटो एक कमी छापला तरी चालेल, पण पलंगाच्या डोक्याशी आणि शॉवरच्या भिंतीवर काय आहे त्याचा एक फोटो प्रत्येक लेखात द्या.

आपली,
एक नियमित वाचक