फ्रेंच जरूर शिकवा, पण मराठीचा तास काढून नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

म्हापशात गेली तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतो. शाळा सुरू होण्याआधी महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हायस्कूलच्या मुलांत सध्या काय चाललंय, ते मला त्यांच्या मापांवरून कळतं. दहा वर्षांपूर्वी आईची पाठ वळली की मुलगे हळूच सांगायचे, "काका, पँटची मोहरी बारा इंच करा." मोहरी म्हणजे पायाशी असलेला घेर. यंदा तीच मोहरी वीसवर गेली आहे. एकाने मोबाईलवर कोरियन गायकांचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "अशी ढगळ पाहिजे, आणि खांदा खाली उतरलेला." केसांची तऱ्हाही तिथलीच, वर दाट आणि कानाशी बारीक. आया वैतागतात, पण मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. शाळेच्या नियमात बसेल तेवढं मी करून देतो आणि शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो. पुढच्या वर्षी मन बदललं तर पँट उसवून परत शिवता येते.

भाषेचं तसं होत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या बऱ्याच हायस्कुलांत आठवीला तिसरी भाषा निवडायची असते. मराठी, कोंकणी, फ्रेंच, पोर्तुगीज असे पर्याय असतात, त्यांचे तास एकाच वेळी होतात आणि मुलाने एकावरच खूण करायची. चार वर्षांपूर्वी माझ्या थोरलीने फ्रेंच घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांनी घेतलीय, आणि स्कोअरिंग आहे." हा स्कोअरिंग शब्द मुलांचा नव्हे, तो त्यांना मोठ्यांनीच दिला. वर्गात मराठी घेणारी इतकी थोडी उरली की मराठीचा तासच होणार नाही असं कळलं. मग माझंही तोंड बंद झालं.

ती मशीनपाशी बसून "ज स्वी, त्यू ए, इल ए" घोकायची. ऐकायला गोड वाटायचं. दहावीला तिला फ्रेंचमध्ये नव्वदच्या वर गुण मिळाले, आम्ही पेढे वाटले. पुढे एका शुक्रवारी बाजारच्या गर्दीत एक फ्रेंच जोडपं शर्ट आखूड करून घ्यायला दुकानात आलं. मोठ्या आशेने मी तिला पुढे केलं. ती लाल झाली, एक वाक्य जुळवता जुळवता थांबली, आणि शेवटी मीच टेप लावून बोटांनी इंच दाखवले. पोरीची यात काही चूक नाही. तीन वर्षांत तिला कुणी बोलतं केलंच नव्हतं. प्रश्न ठरलेले आणि उत्तरंही ठरलेली.

त्याच श्रावणात माझ्या आईने तिला पोथी वाचायला बसवलं. आईला आता दिसत नाही. सातवीपर्यंत हीच मुलगी पोथी घडाघडा वाचायची. आता जोडाक्षर आलं की अडखळत होती. आई काही बोलली नाही. दोन ओव्या झाल्यावर "राहू दे बाय" म्हणून तिने पोथी मिटली. ते मला अजून सलतं. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, पण वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, जत्रेतलं नाटक, देवाची आरती सगळं मराठीत. ते वाचणारं पुढे घरात कुणी राहणार की नाही?

परकी भाषा नको असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या घराच्या जागेचा जुना कागद पोर्तुगीजमध्ये आहे, त्यातली एक ओळ समजून घ्यायला मला पैसे मोजून माणूस शोधावा लागला. गोव्यात अशी घरं हजारोंनी असतील. माझ्या धंद्यातले शब्दसुद्धा समुद्रावरून आलेले, फीत, काज, आमचा बोतांव म्हणजे बटण. जुनी ख्रिस्ती गिऱ्हाइकं मला अजून आल्फायत म्हणजे शिंपी म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्द. आणि १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी मराठी अशी शिकून घेतली की त्यांचं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओवीत सांगितलेली ख्रिस्ताची कथा, १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. त्यासाठी त्यांना आपली इंग्रजी टाकावी लागली नाही. परकी भाषा अशी शिकतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असं म्हटलं आहे. फ्रेंच, पोर्तुगीज, जपानी, कोरियन अशा भाषा माध्यमिक पातळीवर त्यांच्या जोडीने शिकवाव्यात असं ते धोरण सांगतं. मग मराठी आणि फ्रेंच एकाच तासाला समोरासमोर का ठेवायच्या? फ्रेंचला आठवड्याचे दोन-तीन तास वेगळे द्या. शाळा सुटल्यावर घेतले तरी चालेल, मुलं थांबतील. कोरियन ठेवलीत तर माझी अर्धी गिऱ्हाइकं पहिल्या बाकावर बसतील, ती गाणी त्यांना आताच पाठ आहेत. फक्त लेखी परीक्षेबरोबर बोलण्यालाही गुण ठेवा. आणि मराठी किंवा कोंकणी घेणारी पाचच मुलं असली तरी तो तास बंद करू नका, गरज पडली तर जवळच्या दोन शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवावा.

माझी धाकटी आता आठवीत जाते आहे. तिला फ्रेंच हवी आहे, आणि मराठी सोडायचं तिच्या जिवावर येतं. सोमवारी फॉर्म द्यायचा आहे. मी शाळेत जाऊन हेच सगळं सांगणार आहे. ज्यांच्या घरी आठवीची मुलं आहेत त्या पालकांनीही आपापल्या शाळेत जाऊन विचारावं, म्हणजे मी एकटा पडणार नाही.

आपला नम्र,
एक शिंपी पालक, म्हापसा, बार्देश