चिखलाचे टायर बर्फावर चालत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून केळीच्या गाड्या बाराही महिने उत्तरेकडे जातात. थंडीत त्यातल्या काही जम्मूच्या पुढे बनिहाल, काझीगुंड, श्रीनगरपर्यंत पोहोचतात. या गाड्यांच्या मागच्या चाकांना मोठ्या बटनांचे लग टायर असले की मालक निर्धास्त होतो. जो टायर आपल्या काळ्या चिखलातून गाडी बाहेर काढतो, तो बर्फातूनही काढेल, असा सरसकट समज आहे. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

चिखल, भुसभुशीत बर्फ आणि गोठलेला कडक बर्फ या तिन्ही ठिकाणी टायर वेगवेगळ्या तऱ्हेने पकड घेतो. चिखलात लगच्या रुंद खाचा माती कापतात आणि चाक फिरताना ती बाहेर फेकतात. खाच रिकामी होत राहिली तरच पुढची पकड मिळते. आपली काळी कसदार माती इतकी चिकट की ओली झाली की खाचेतून सुटतच नाही. दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो आणि मग कितीही भारी लग असला तरी चाक जागेवरच फिरते. ताज्या बर्फात नेमके उलटे घडते. तिथे खाचेत दाबून भरलेला बर्फच रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, म्हणून खाच भरलेली राहणे फायद्याचे. त्यासाठी पुष्कळ, अरुंद आणि बारीक चिरा असलेली नक्षी लागते. लगच्या मोठ्या, सलग ठोकळ्यांवर अशा चिरा जवळजवळ नसतात.

कडक बर्फावर तर नक्षीपेक्षा रबराचा प्रश्न मोठा. आपल्याकडचे टायर ४५ अंशांच्या उन्हात झिजू नयेत म्हणून कडक रबराचे असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेले की हे रबर आणखी ताठर होते आणि बर्फाच्या बारीक उंचसखल पृष्ठभागात रुतत नाही. त्यातही शून्याच्या आसपासचा बर्फ सर्वांत घातक, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ अंशांचा कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा धरतो. सकाळी ऊन पडले आणि रस्ता चमकू लागला की चालकाला हायसे वाटते, पण तीच वेळ जास्त जपण्याची.

फरक किती पडतो ते हिशेबाने पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १० ते ११ मीटरमध्ये थांबते. ओलसर बर्फावर तिलाच ६० मीटरच्या पुढे जागा लागते. उतार शंभराला सहा असला तर दीडशे मीटरही पुरत नाहीत. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही.

मग घ्यायचे काय? गाडी वर्षाचे बहुतेक किलोमीटर जिथे धावते, तिथल्या रस्त्याप्रमाणे टायर निवडावा. महामार्गावरच्या दहा चाकी गाडीला पुढे सरळ पट्ट्यांचा रिब रेडियल (आतले दोर कडेपासून कडेपर्यंत सरळ असलेला) हवा. तो कमी तापतो, डिझेल वाचवतो, पावसात पाणी खाचेतून बाहेर काढतो आणि स्टिअरिंगला नीट उत्तर देतो. पुढच्या चाकाला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला टायर लावू नये. मागे सेमी-लग (मधे पट्ट्या, कडेला ठोकळे) पुरेसा आहे. पूर्ण लग रस्त्यावर आवाज करतो, ठोकळ्यांच्या एका कडेने झिजतो आणि जास्त तापतो. खडी, मुरूम, वाळूच्या खाणीवरच्या डंपरला मात्र तोच योग्य. तिथे वेग कमी असतो आणि टायरच्या कडेला दगडाचे काप बसतात, म्हणून अनेक जण नायलॉन टायर (आतले दोर तिरपे असलेला) पसंत करतात तेही रास्त आहे. नायलॉन आणि रेडियल एका ॲक्सलवर एकत्र लावू नयेत.

टायरच्या कडेवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले दिसले की दुकानदार तो बर्फाचा टायर म्हणून सांगतात. ती खूण फक्त नक्षीच्या ठेवणीबद्दल आहे आणि कंपनी ती स्वतःच छापते. बर्फावर चाचणी होऊन मिळणारी खूण वेगळी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. तशी खूण असलेला ट्रकचा टायर आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. मिळाला तरी महिन्यातून एखाद्या फेरीसाठी तो घेऊन वर्षभर जळगाव-भुसावळच्या उन्हात पळवणे परवडणारे नाही, मऊ रबर भराभर उडते. शिवाय ती चाचणीही दाबून बसलेल्या भुसभुशीत बर्फाची असते, गोठलेल्या कडक बर्फाची नाही. कडक बर्फावर भरवसा चाकाला बांधायच्या लोखंडी साखळीचाच.

जोडी चाकांकडे फारच दुर्लक्ष होते. मागच्या जोडीत एक नवा आणि एक घासलेला टायर बसवला तर मोठ्या टायरवर जादा भार येतो, तो तापतो आणि लहान टायर रस्त्यावर घसटत राहतो. दोघांच्या खाचेच्या खोलीत ३ मिलिमीटरहून जास्त फरक नको. हवेतला फरकही तितकाच वाईट. आतल्या टायरची हवा तपासायला हात पुरत नाही म्हणून ती तपासलीच जात नाही. वॉल्व्हला लांब नळी लावून घेतली की हे काम दोन मिनिटांचे होते. खाच १.६ मिलिमीटर उरली की टायर कायद्यानेच बाद. पण पावसात पुढचा टायर ३ मिलिमीटरला बदलावा, आणि बर्फाच्या वाटेवर ४ पेक्षा कमी खाचेचा टायर नेऊच नये. कडेवरच्या चार आकड्यांवरून बनण्याचा आठवडा आणि वर्ष कळते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. खाच भरपूर असली तरी जुने रबर कडक झालेले असते.

हवेबद्दल खान्देशात एक हानिकारक सवय आहे. उन्हाळा लागला की ‘टायर फुटेल’ म्हणून हवा कमी ठेवतात. वास्तविक टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी आणि माल जास्त असल्यामुळे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्या हालचालीने आतून तापतो, थर सुटतात आणि सेंधव्याच्या घाटात किंवा धुळ्याच्या अलीकडे त्याच्या चिंधड्या होतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, भाराप्रमाणे कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी भरावी. चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.

थंडीत उलट बाजूने चूक होते. १०० ते १२० पौंड हवेच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी उतरले की साधारण ४ पौंड हवा कमी दिसते. इथे ३० अंशांत भरलेली हवा काझीगुंडला शून्य अंशात १२ पौंडांनी घटते. उंचीमुळे दोन-तीन पौंड परत मिळतात, तरी नऊ-दहाची तूट राहतेच. ती तिथल्या थंड टायरवर भरून काढावी. परतताना पंजाबात किंवा दिल्लीला सकाळी पुन्हा तपासावी. नायट्रोजन भरला तरी हा नियम बदलत नाही.

आता शेताचे. मोठी भरलेली गाडी बांधावर नेऊच नये, माल पिकअप किंवा ट्रॅक्टरने पक्क्या रस्त्यापर्यंत आणावा. रिकामी पिकअप अडकली तर मागच्या टायरची हवा निम्म्यापर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी बहुधा निघते. भरलेल्या गाडीत हे करू नये, टायर रिमवरून निसटतो. हवा उतरवली तर रस्त्यावर येताच भरावी, नाहीतर चिखलातली सोय महामार्गावर टायर खाते. चाकाखाली केळीचे खोड टाकण्याची पद्धत सोडावी. खोड पाण्याने भरलेले असते, दाबले की सालटी निसरडी होतात. मुरूम, कोरडी पोती किंवा आडव्या टाकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या चालतात, फक्त पऱ्हाटीचे कापलेले टोक टायरच्या कडेकडे नको. चाक जागेवर फिरू लागले की पेट्रोल-डिझेल देणे थांबवावे, प्रत्येक फेऱ्यात गाडी खोलच जाते.

बाहेर आल्यावर जोडी चाकांमधला दगड आणि रिमच्या आत साचलेली माती काढून टाकावी. वाळलेल्या मातीने चाकाचा तोल जातो आणि ताशी ६० च्या पुढे गाडी थरथरते. ट्रॅक्टरवाल्यांनाही एक विनंती. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चाकांनी आणलेला चिखल पावसाच्या पहिल्या सरीत मोटारसायकलवाल्याला आडवा करतो. डांबरावर चढण्याआधी फावड्याने चाके खरवडावीत.

बर्फाच्या रस्त्याला साखळी हवीच. ती इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायची. आपल्या बऱ्याच दहा चाकी गाड्यांत मागच्या दोनपैकी एकच ॲक्सल गाडी ओढतो, म्हणून आधी तो ओळखावा. साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी, सैल साखळी ब्रेकच्या नळीला आणि मडगार्डला मारते. बर्फ सुरू होण्याआधी सपाट जागी बसवावी, शंभर-दोनशे मीटर चालवून उतरून पुन्हा ताणावी. वेग ताशी ३० च्या आसपास. मोकळे डांबर आले की लगेच काढावी, नाहीतर साखळी तुटते आणि टायरही कापते. साखळी असली तरी एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) बंद ठेवावा, निसरड्यावर तो फक्त मागची चाके रोखतो आणि गाडी आडवी होते. गिअर आधीच खालचा टाकावा. हौद्यात दोन पोती कोरडी वाळू, एक फावडे, जाड हातमोजे आणि टॉर्च असावी. अंधारात, गोठलेल्या बोटांनी साखळी बसत नाही, म्हणून चालक आणि क्लीनर दोघांनी ती इथेच, गावात, एकदा लावून-काढून पाहावी.

साखळीचा खर्च चालकाच्या भत्त्यातून कापू नये, ही गाडीमालकांना विनंती. आणि माल वेळेत पोहोचला नाही तर भाडे कापणाऱ्या व्यापाऱ्यांनी काश्मीरच्या फेऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी एक दिवस जादा धरावा. रस्ता चमकत असताना काझीगुंडला थांबण्याची मोकळीक चालकाला त्या एका दिवसातूनच मिळते.

आपले,
टायर व व्हील अलाइनमेंटचे काम करणारे वाचक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव