विंडलशॅम हाउसची वाट दाखवणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील निवासी प्रिपरेटरी शाळांवरचा (म्हणजे साधारण सात ते तेरा वर्षांच्या मुलांच्या खासगी शाळांवरचा) माझा लेख यंदाच्या दिवाळी अंकात छापून आला. आपले आभार मी इंग्रजीत स्वतंत्रपणे कळवले आहेतच. परंतु लेखामागचे आपले साहाय्य मराठी वाचकांनाही ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

वेस्ट ससेक्समधील वॉशिंग्टन गावाजवळच्या विंडलशॅम हाउसपासून सुरुवात करावी, हा सल्ला आपलाच. १८३७ साली ही शाळा काढणारे चार्ल्स रॉबर्ट माल्डन हे नौदलातील सर्वेक्षक होते. लंडनमध्ये गोवराने मरण पावलेल्या हवाईच्या राजा-राणीचे पार्थिव मायदेशी नेणाऱ्या ‘ब्लोंड’ जहाजावर ते होते आणि त्याच सफरीत, १८२५ साली, पॅसिफिक महासागरात दिसलेल्या एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. शाळा मात्र आजच्या जागी आली ती १९३४ साली. इमारत जुनी दिसते म्हणून शाळाही तिथे पहिल्यापासून असेल असे गृहीत धरू नका, अशा कितीतरी शाळा शहरांतून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून उठून जमीनदारांच्या रिकाम्या हवेल्यांत गेल्या, असे आपण बजावले नसते, तर पाचगणीच्या शाळा पाहिलेल्या माझ्यासारखीला ते सुचलेही नसते. १९६७ मध्ये या शाळेने मुलींनाही प्रवेश दिला, हेही आपणच आवर्जून सांगितले.

त्याहून मोलाचे होते ते मुलांच्या दिनक्रमाचे वर्णन. सात-आठ वर्षांचे मूल घर सोडून येते तेव्हा त्याच्या प्रत्येक मोज्यावर नावाची कापडी पट्टी शिवलेली असते, आणि धुलाईहून आलेल्या ढिगातून ते मोजे जोडी लावून ज्याच्या त्याच्या कप्प्यात पोचवणारी मेट्रन, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखभाल करणारी बाई, हीच त्या मुलाच्या जगातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती असते, मुख्याध्यापक नव्हेत, हे आपले निरीक्षण मी जसेच्या तसे छापले आहे. पूर्वी रविवारी सकाळी घरी लिहिलेली पत्रे पाकिटात बंद होण्याआधी शिक्षकांच्या नजरेखालून जात, त्यामुळे त्यांत सामन्याचा निकाल असे, रडू नसे. ब्रिटिश अमदानीत पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेल्या साहेबांच्या घरी बोटीने पोचत ती अशीच पत्रे.

या शाळांविषयी लिहिणारे बहुधा भारावून तरी जातात किंवा टिंगल तरी करतात. आपण दोन्ही टाळले. पुढच्या मोठ्या खासगी शाळेत प्रवेशासाठी वयाच्या तेराव्या वर्षी द्यायच्या कॉमन एन्ट्रन्स परीक्षेचा धसका, थंडगार शयनगृहे आणि छडी यांविषयी आपण आडपडदा न ठेवता बोललात. छडीला इंग्लंडच्या खासगी शाळांत कायद्याने पूर्ण बंदी आली ती थेट १९९९ मध्ये, ही तारीख आपण दोनदा लिहून पाठवली होती. (१८९२ साली या प्रिपरेटरी शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना उभी राहिली ती लहान मुलांच्या क्रिकेटच्या चेंडूचा आकार ठरवण्याच्या चर्चेतून, हा किस्सा मात्र आमच्या संपादकांना सर्वाधिक आवडला.)

शाळेजवळच्या चँक्टनबरी टेकडीवर १७६० साली लावलेल्या आणि १९८७ च्या वादळात मोठ्या संख्येने उन्मळून पडलेल्या बीच वृक्षांविषयीचा आपला मजकूर जागेअभावी गाळावा लागला, त्याबद्दल राग नसावा. अंकाची प्रत टपालाने पाठवली आहे.

आपली नम्र,
लेखिका