बेअर स्प्रे हाताळायला शिकवणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

कॅनडातल्या कॅल्गरीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना उन्हाळ्याच्या तोंडावर मोकळ्या पार्किंगमध्ये उभं करून तुम्ही बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर आलेल्या अस्वलाला थोपवायचा मिरचीच्या अर्काचा फवारा, चालवायला शिकवता, त्याबद्दल हे पत्र. उघडं लिहितोय, कारण ज्यांना वर्गाला येता येत नाही त्यांच्याही हाती यातलं काही लागेल. शिवाय समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार ना?" म्हणून विषय बदलता.

पहिले आभार त्या झिप-टायबद्दल. दुकानात कुणी उगाच दाबू नये म्हणून नव्या कॅनच्या ट्रिगरला बऱ्याचदा प्लास्टिकची बारीक पट्टी आवळलेली असते. ती घरीच कात्रीने कापायची. किती तरी लोक ती तशीच ठेवून बॅन्फ नॅशनल पार्कच्या वाटेला लागतात, आणि ती असेपर्यंत सेफ्टी क्लिप काही निघत नाही. वर्गात आल्या आल्या तुम्ही प्रत्येकाचा कॅन हातात घेऊन आधी ही पट्टी बघता, मग तळाशी छापलेली तारीख. कॅनची मुदत साधारण तीन-चार वर्षांची. मिरचीचा अर्क तोवर खराब होतो असं नाही, पण आतला दाबाचा वायू हळूहळू निसटत राहतो. मग फवारा दहा मीटरांऐवजी पायापाशीच पडतो.

दुसरे आभार अंगठ्याबद्दल. बहुतेक कॅनवर क्लिपचं मागचं टोक किंचित वळलेलं असतं. त्या वळणात अंगठा अडकवून क्लिप सरळ स्वतःकडे ओढायची. घाबरलेला माणूस ती वर उपटायला जातो आणि तिथेच अडकतो. तुम्ही हे आधी उघड्या हाताने, मग हातमोजे घालून, मग डाव्या हाताने करून घेता. सराव इनर्ट कॅनवर, म्हणजे मिरचीविना नुसता वायू भरलेल्यावर. खऱ्या कॅनची "जरा चालतोय का बघू" म्हणून एक पिचकारी मारणाऱ्यांना तुम्ही रागावता ते बरोबरच आहे. तेवढ्यानेही दाब कमी होतो, आणि तोटीवर राहिलेला अर्क पुढे हाताला, हातावरून डोळ्यांना लागतो.

कॅन कुठे ठेवायचा यावर तुम्ही तडजोड करत नाही. कमरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवरच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे झटकन उपसता येईल अशा म्यानात. सॅकच्या आत नाही, पाण्याच्या बाटलीच्या जाळीतही नाही. सायकलवाल्यांनी फ्रेमला न लावता अंगावरच बांधायचा, कारण पडल्यावर सायकल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असतो. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचा कॅन हवा. चौघांत एक घेतला तर तो नेमका मागे राहिलेल्याकडे असतो.

हे सगळं इतकं का घोटायचं, ते तुम्ही फळ्यावर मांडलेल्या हिशेबाने पटतं. ग्रिझली (इथलं मोठं तपकिरी अस्वल) ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. स्प्रेचा पल्ला ७ ते १० मीटर. झाडीच्या वळणावर ३० मीटरांवर अस्वल दिसलं आणि ते थेट अंगावर आलं, तर तुमच्या हाती दोन सेकंद. तेवढ्यात होल्स्टर, क्लिप, नेम आणि दाब. सॅकची चेन उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

नेमाचंही तसंच. लोक अस्वलाच्या डोक्यावर रोखतात आणि फवारा वरून निघून जातो. तुम्ही सांगता, किंचित खाली धरा, अस्वलाच्या पुढ्यातल्या जमिनीकडे, म्हणजे ढग उसळून त्याच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीसारखा उभा राहतो आणि अस्वल त्यात धावत येतं. ते १०-१५ मीटरांवर आलं की दोन-तीन सेकंद दाबायचं, आलंच तर पुन्हा. २२५ ग्रॅमचा काय किंवा ३२५ ग्रॅमचा काय, सलग दाबून धरला तर दहा सेकंदांच्या आत रिकामा. वारा बाजूने असेल तर तो ज्या बाजूने येतोय त्या बाजूला नेम थोडा सरकवायचा. समोरून असेल तर पल्ला घटतो आणि थोडं आपल्याही तोंडावर येतं, तरी मारायचंच. अस्वल थबकलं की तिथे बघत उभं राहायचं नाही. पळायचंही नाही. त्याच्यावर नजर ठेवत मागे सरकायचं आणि जागा सोडायची.

आता गैरसमजांकडे. बेअर स्प्रे ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला लावायचा नसतो, हे सांगावं लागतं हेच नवल, पण लागतं. उलट जमिनीवर सुकलेला अर्क अस्वलांना ओढून आणतो. अलास्कात अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ यांनी १९९८ साली हे नोंदवून ठेवलं आहे, अस्वलं त्यात लोळल्याच्या निरीक्षणांसह. हवेत ढग असेपर्यंतच तो उपयोगाचा. दुसरा गैरसमज चावीच्या जुडग्याला अडकवायच्या पेपर स्प्रेचा. त्याची धार बारीक आणि पल्ला दोन-तीन मीटर; शिवाय माणसांवर वापरायचा स्प्रे कॅनडात बाळगणंच गुन्हा आहे. बेअर स्प्रे प्राण्यांसाठी म्हणून नोंदलेला असतो, तोही विनाकारण खिशात घेऊन डाउनटाउनमध्ये फिरलात तर पोलीस विचारणारच. तिसरा, "आम्ही लवंगी मिरचीचा ठेचा खातो, आम्हाला काय होतंय!" फोडणीत मिरची करपली की घरभर जो ठसका उठतो, तो शंभरपट करून डोळ्यांत गेला असं समजा. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही. लेन्स असतील तर काढायच्या, भरपूर गार पाण्याने धूत राहायचं, त्वचेला भांड्याचा साबण लावायचा, कारण अर्क तेलकट असतो आणि नुसत्या पाण्याने सुटत नाही.

उष्णता आणि थंडी, दोन्ही कॅनला सोसत नाहीत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला कॅन ५० अंशांपुढे गेला की फुटू शकतो, आणि मग ती गाडी धुऊनही बसण्यालायक होत नाही. तापमान शून्याखाली गेलं की दाब पडतो. म्हणून ऑक्टोबरात तो जॅकेटच्या आत, रात्री हाताशी, पण तंबूबाहेर येऊनच चालवायचा. विमानात तर तो हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. पोहोचल्यावर तिथेच घ्यायचा. अमेरिकेत जाणाऱ्यांनी पार्कचे नियम आधी वाचावेत: यलोस्टोनमध्ये तो बाळगा असं पार्कच सांगतं, योसेमिटीत मात्र बंदी आहे.

यापेक्षाही जास्त आभार एका गोष्टीसाठी. स्प्रे हा शेवटचा उपाय आहे हे तुम्ही कॅन हातात देण्याआधी सांगता. अस्वलापासून १०० मीटर लांब राहणं, वळणावर आणि ओढ्याच्या खळखळाटात मोठ्याने बोलणं, चार जणांनी एकत्र चालणं, कुत्रा पट्ट्यात ठेवणं हे आधी. बुटांना बांधायच्या घुंगरांना तुम्ही हसता, पण हरकत घेत नाही. जुलैच्या मध्यापासून बफेलोबेरीची लाल फळं पिकतात आणि बॅन्फकडच्या बो व्हॅलीतली अस्वलं दिवसभर त्या झुडपांतच मान खाली घालून असतात, तेव्हा आवाज दुप्पट करायचा. रात्री मुक्कामी तूप, लसणीची चटणी, भडंग, टूथपेस्ट, केसांचं खोबरेल तेल, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं लॉकरमध्ये. लॉकर नसेल तर जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून १.३ मीटर दूर टांगायचं. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटरांवर. खोबरेल तेल या यादीत आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

आणि तुम्ही आकडे लपवत नाही. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटनांच्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलाला (ग्रिझली त्यातलीच) ९२ टक्के वेळा आणि काळ्या अस्वलाला ९० टक्के वेळा रोखलं. स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांना अस्वलाकडून इजा झाली नाही, झाल्या त्या किरकोळ. हे सांगून तुम्ही लगेच सप्टेंबर २०२३ ची बॅन्फमधल्या रेड डिअर नदीच्या खोऱ्यातली घटना सांगता, ग्रिझलीने एका जोडप्यावर हल्ला केल्याची. दोघंही जंगलाची चांगली माहिती असलेली, स्प्रे वापरल्याच्याही खुणा होत्या, तरी वाचली नाहीत. ती ग्रिझली म्हातारी, दात खराब झालेली, अंगावर चरबी कमी असलेली मादी होती. कुणाला घाबरवायला तुम्ही हे सांगत नाही. कॅन कमरेला आहे म्हणून कुणी अस्वलाचा फोटो काढायला पुढे सरकू नये, एवढ्यासाठी सांगता.

या वर्षी वर्गाला नवी कुटुंबं बरीच आहेत. मोठी मुलंही येतील. त्यांना कॅन द्यायचा नाही, पण क्लिप कशी निघते हे बघू द्या, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात.

कळावे, लोभ असावा,
आपली ट्रेकची मंडळी

ता. क. सरावाच्या इनर्ट कॅनचा खर्च यंदापासून वर्गणीतून होईल. दुकानाची पावती खिशात ठेवून विसरलो म्हणू नका, फोटो काढून पाठवा. मुदत संपलेले कॅन कचऱ्याच्या डब्यात न टाकता एका खोक्यात जमवले आहेत. शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन देण्याचं काम आमच्याकडे.