तुळशीच्या कुंडीतल्या सतरा बिया

सांगली, तुळशीच्या लग्नाचा दिवस

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तुळशीच्या कुंडीला गेरू लावायला बसले होते. वरची माती खुरप्याने जरा मोकळी केली तर खजुराच्या बिया निघाल्या. मोजल्या, सतरा भरल्या. तो मोठा मऊ खजूर आपल्याकडे तुझ्याशिवाय कोणी आणत नाही, त्यामुळे चौकशी करावी लागली नाही. फोन केला असता तर "आई, मीटिंग आहे" म्हणून तू ठेवला असतास. म्हणून लिहितेय.

खजूर खाल्लास याचं मला काही नाही. पण रात्री दार हळूच लोटून, अंधारात अंगणात जाऊन तू बिया पुरल्यास, ते जिवाला लागलं. आपल्या घरात खाण्यावरून कुणाला कधी लपावं लागलं नव्हतं.

तुझ्या डब्यात दोन उरले होते. एकाची बी काढून काट्यावर ठेवला, बावीस ग्रॅम भरला. या खजुरात दोन तृतीयांश साखरच असते. म्हणजे एकात पंधरा ग्रॅमच्या आसपास, चहाचे तीन चमचे. सतरा खजुरांची पाव किलो झाली. कच्चा आहे, नैसर्गिक आहे, तुझ्या न शिजवलेलंच खायच्या नियमात बसतो, हे तू मावशीला समजावत होतीस ते मी ऐकलंय. त्यात तंतू असतात, साखरेपेक्षा तो बरा, सगळं मान्य. पण मध्यरात्री उठून एवढा खजूर कोणी हौस म्हणून खात नाही.

मग मी तुझ्या दिवसाचा हिशोब मांडला. दिवाळीचे चार दिवस तुझं ताट माझ्यासमोरच होतं. सकाळी पपईच्या फोडी. दुपारी काकडी, गाजर, बीट, कोबी, वर लिंबू. चार वाजता शहाळं. रात्री मूठभर मोडाचे मूग आणि एक पेरू. बघायला ढीग दिसतो गं. पण किलोभर काकडीत दीडशे कॅलरी असतात, एका बऱ्यापैकी ज्वारीच्या भाकरीत त्याहून थोड्या जास्तच. पपईचा अख्खा किलो खाल्लास तरी साडेचारशेच्या आत. पोट तटतटतं आणि दोन तासांत पुन्हा रिकामं. मी ओढूनताणून बेरीज केली तरी तुझा दिवस सातशेच्या पुढे जाईना. तुझ्या वयाच्या, धावपळ करणाऱ्या मुलीला अठराशे-दोन हजार लागतात. सतरा खजुरांच्या हजारच्या वर होतात. राहिलेली बाकी रात्री वसूल झाली, एवढंच.

तुला माझी गुळाच्या डब्याची गोष्ट कधी सांगितली नाही. डबे सुरू केले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. पहाटे पाचला कणीक भिजवायची, अकराला डबे बाहेर पडायचे, मग घरी जेवायला येणारी पोरं, आणि मी जेवायला बसायची दुपारी साडेतीनला. मधे नुसता चहा. बाराच्या सुमाराला माझा हात आपोआप गुळाच्या डब्यात जायचा. खडा फोडायचा, कुणी बघत नाही ना बघायचं, तोंडात टाकायचा. दहा मिनिटांनी दुसरा. महिन्याची ढेप पंधरा दिवसांत संपली तेव्हा तुझ्या आजीच्या लक्षात आलं. मी स्वतःला मनातल्या मनात हावरट म्हणायची. सोमवारी शपथ, बुधवारी मोडलेली. आजी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी दहाला माझं ताट वाढायला सुरुवात केली. भाकरी, पिठलं, कांदा. "आधी तू बस, मग पोरांचे डबे." मी वैतागले, डबे भरायचे पडले होते. पण आठ-दहा दिवसांत लक्षात आलं की गुळाची आठवणच होत नाहीये.

काल कार्तिकी एकादशी होती, उपवासाचे एकवीस डबे गेले. "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणून मी पोरांना इतकी वर्षं हसत आलेय. मला तो त्यांचा चटोरपणा वाटायचा. आता वाटतं, हे चालत नाही, ते चालत नाही, असं सकाळपासून घोकलं की जे चालतं त्यावर माणूस तुटून पडतो. त्यांचा साबुदाणा, तुझा खजूर.

मावशीची सून आहारतज्ज्ञ आहे, तिला विचारलं (तुझं नाव न घेता, काळजी करू नकोस). तिने अमेरिकेतल्या मिनेसोटाचा एक प्रयोग सांगितला, १९४४-४५ चा. छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास जेवण दिलं, हाल काय होतात ते बघायला. त्या मुलांना दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, पदार्थांवरच बोलायचे. आणि पुढे पोटभर मिळायला लागलं तरी कितीतरी दिवस थांबता येईना, पोट फुटेस्तोवर जेवूनही भूक आहे म्हणायचे. ते ऐकताना मला तू दिसलीस. पाडव्याच्या रात्री तुझ्या खोलीत पाणी ठेवायला आले तेव्हा तू उशीला टेकून जिलबी तळण्याचा व्हिडिओ बघत होतीस. आवाज बंद करून.

तुझे आजोबा असते तर त्यांनी तुझी बाजू घेतली असती. उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात ते दरवर्षी जायचे, गाजराचा रस वगैरे त्यांचंच खूळ. पण गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, मोडाचे गहू, बदामाचा लगदा, पालेभाजी, लिंबू, मध यांवर राहिले, आणि आमांश झाल्यावर सोडून दिला, हेही तेच सांगायचे. प्रयोग सुरू केला तोही छापला आणि सोडला तोही छापला. आजोबांना त्यातलं दुसरं जास्त आवडायचं.

आता एक गोष्ट, जी तू मला सांगितली नाहीस पण मला कळली. कपाटातलं पॅडचं पाकीट गणपतीत होतं तसंच दिवाळीत होतं. जर्मनीत फक्त कच्चं खाणाऱ्या पाचशेच्या वर लोकांची पाहणी झाली होती, १९९९ मध्ये छापून आली. त्यांतल्या पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी साधारण तीस टक्के जणींची पाळी एकतर चुकत होती किंवा बंदच झाली होती. हे सुनेनेच सांगितलं. तेव्हा या शनिवारी डॉक्टरकडे जायचं. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे. बी-१२ पालेभाजीत नसतं, मोडात नसतं, कितीही खाल्लंस तरी. आणि रात्रीचं खाणं हाताबाहेर जातं, नंतर रडू येतं, हे डॉक्टरला सांग. त्यांच्यासाठी ते नवं नसतं. एकटीने जायचं नसेल तर मी पहिल्या एस.टी.ने येते, डबे एक दिवस काकू बघतील.

कच्चं सोड असं मी म्हणत नाही. कच्चं आपल्याला काही नवीन नाही. चैत्रात हळदीकुंकवाला आंबेडाळ करतो ती भिजवलेली हरभऱ्याची डाळ कच्चीच वाटतो, शिजते ती फक्त फोडणी. खमंग काकडीत मूठभर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घातलं की तीच काकडी संध्याकाळपर्यंत टिकते. नुसत्या लिंबावर नाही टिकत. (दडपे पोहे तुझ्या नियमात बसत नाहीत बरं का. पोहे होण्याआधी साळ गरम पाण्यात भिजवून भाजलेली असते. तू मागे ते कच्चे म्हणून खाल्लेस, मी गप्प बसले.) राजमा मात्र भिजवून, मोड आणून कच्चा खायचा विचार केला होतास तो डोक्यातून काढून टाक. तो दणदणीत उकळल्याशिवाय विषारी असतो. मुगाचे मोडही वाफवूनच घे, ओल्या फडक्यात नुसते मोडच वाढतात असं नाही.

माझं ऐकशील तर सकाळी ऑफिसला जायच्या आधी एक भाकरी आणि उसळ. दुपारी तुझी कोशिंबीर खुशाल परातभर खा, पण आमटी-भाताबरोबर. रात्री गरम काहीतरी. खजूर खावासा वाटला तर जेवतानाच दोन, चार दाण्यांबरोबर, ताटात वाढून घेऊन. लाडूसुद्धा तसाच. उभ्याने, डब्यात हात घालून नको. पहिले पंधरा दिवस गोड खावंसं वाटेलच, घाबरू नकोस, माझंही लगेच सुटलं नव्हतं.

ताईच्या लग्नात ब्लाऊज बसेना तेव्हा मी शिंपीणबाईंसमोर "दंड बघा हिचे" म्हटलं होतं. तू हसलीस, पण जूनपासून हे सगळं सुरू झालं ते मी आता जोडून बघतेय. मी तसं बोलायला नको होतं.

बाबांना काही सांगितलेलं नाही. बिया पुन्हा मातीत ढकलून वर गेरू मारला.

उद्या सकाळच्या गाडीने पार्सल पाठवतेय. ज्वारीचं पीठ दोन किलो, दाण्याचं कूट, जवसाची चटणी, थोडे आवळे आणि डिंकाचे लाडू. पीठ फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर कडू होतं. लाडू मोठ्या स्टीलच्या डब्यात आहेत, तो डबा आठवणीने परत आण. मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत आणि इथे मला उपवासाच्या दिवशी कमी पडतात.

तुझी,
आई