तुमच्या मुलाचे ९६ नेमके कुणाच्या रांगेत?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कराडला एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर महिनाभर एक फ्लेक्स लागला आहे. चार ओळींत मुलांचे चेहरे, मधोमध मुख्याध्यापकांचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आमचे ४१ विद्यार्थी ९० पर्सेंटाइलच्या वर!’ कोणत्या परीक्षेत, कोणत्या इयत्तेत, कुणाच्या तुलनेत, काही नाही. आमच्या शेजारचे भाऊ बँकेतून निवृत्त झाले, आयुष्यभर आकड्यांतच गेले. तेसुद्धा म्हणाले, ‘‘नव्वद टक्के म्हणजे पोरं हुशार आहेत हो वहिनी.’’ ‘‘टक्के नव्हे, भाऊ, पर्सेंटाइल,’’ म्हटलं. ‘‘तेच ते,’’ म्हणाले. ते तेच ते नाही, म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. त्यातली शेवटची चौदा वर्षं शाळेचं समुपदेशनही माझ्याकडे होतं. व्यवसाय मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम मुंबईला राहून केला आणि बुद्धिमत्ता, अभिक्षमता, अभिरुची असल्या चाचण्यांच्या पेट्या घेऊन तालुक्यातल्या शाळा फिरले. त्यामुळे या आकड्यांचं पोट कसं भरतं ते जवळून पाहिलं आहे.

पालकांना मी नेहमी मैदानावरची रांग सांगायची. पी.टी.चे सर ‘उंचीप्रमाणे लाइन करा’ म्हणतात, तेव्हा आपला बंड्या वर्गातल्या पन्नासांत पंचेचाळिसावा उभा राहिला, म्हणजे त्याच्यापेक्षा बुटकी चव्वेचाळीस मुलं आहेत. त्याच बंड्याला शेजारच्या तुकडीत नेऊन उभा करा, कदाचित तो तिसावा येईल. उंची तीच, रांग बदलली. पर्सेंटाइल हा रांगेतला नंबर आहे. आमच्या पुस्तकांत त्याला शततमक म्हणत. टक्के सांगतात शंभरांतलं किती आलं, पर्सेंटाइल सांगतं शंभरांतल्या किती जणांना मागे टाकलं. पेपर अवघड असेल तर ४५ टक्क्यांचं ९५ पर्सेंटाइल होतं. सोपा असेल तर ८० टक्के मिळवणारा मधोमध येतो.

आता घरचंच सांगते. माझी नात पुण्यात चौथीत आहे. या वर्षी शाळेने तिला दोन खासगी चाचण्यांना बसवलं, दोन्हींची फी वेगळी. गणितात एकीत ९६ पर्सेंटाइल आले, दुसरीत ५८. सुनेचा रात्री साडेदहाला फोन : ‘‘आई, हिचं गणित दोन महिन्यांत एवढं कसं घसरलं? क्लास लावू का?’’ दोन्ही निकालपत्रं आणि त्यांच्यासोबतची माहितीपत्रकं फोटो काढून पाठव म्हटलं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायला मला दोन दिवस लागले. पहिल्या चाचणीत शाळांनी सगळा वर्गच्या वर्ग बसवला होता. हौशी, कंटाळलेली, पेन्सिल विसरलेली सगळी त्या रांगेत होती. दुसऱ्या चाचणीचे ५८ हे फक्त पहिली फेरी पार करून आलेल्या मुलांमधले. म्हणजे निवडलेल्या पोरांत आमची मधल्याच्या थोडी पुढे. तिचं गणित आहे तिथेच आहे. आणखी एक गंमत म्हणजे दुसऱ्या निकालाच्या मागच्या पानावर गुण आणि पर्सेंटाइलचा तक्ता होता. नातीला चाळीसपैकी २२ होते. आणखी दोन प्रश्न बरोबर आले असते तर ५८चे थेट ६८ झाले असते. दोन प्रश्न! एकात तर तिने मिलीमीटरच्या जागी सेंटिमीटर लिहिलं होतं.

हे असं का होतं, ते पालकांना कुणी सांगत नाही. बहुतेक मुलं मध्यावर गर्दी करून असतात, त्यामुळे तिथे एखाद्या प्रश्नाने पाच-पाच घरं पुढेमागे होतं. टोकाला गर्दी विरळ. सरासरी १०० धरणाऱ्या नेहमीच्या बुद्ध्यंकाच्या मापात सांगायचं तर ५० वरून ६० पर्सेंटाइलला जायला चारेक गुण पुरतात, पण ९० वरून ९९ला जायला सोळा-एक लागतात. तरी निकालपत्रावर ‘५८ वरून ६८, लक्षणीय प्रगती’ असा शेरा मारतात आणि ९१चे ९५ झाले तर ‘स्थिर’. माझ्या हातात लाल पेन असतं तर दोन्ही शेरे खोडले असते.

रांग कुणाची, याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे : रांग कधीची? प्रमाणित चाचणी तयार करताना एका गटावर ती घेतात, त्या गटाच्या गुणांवरून मानकं ठरवतात आणि पुढची कित्येक वर्षं येणाऱ्या मुलांना त्या जुन्या गटाच्या रांगेत उभं करतात. आपल्याकडे हे काम फार चांगल्या माणसांनी फार आधी केलं आहे. व्ही. व्ही. कामतांनी धारवाडला १९३४च्या सुमारास फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी अमेरिकेच्या वेक्सलर यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी करून घेतली, १९६९ साली. या दोन पेट्यांचं ऋण माझ्यासारख्यांवर आहे. परक्या देशातल्या मुलांच्या रांगेत आपलं पोर उभं करण्यापेक्षा ते शतपटीने बरं होतं. पण कामतांच्या त्या पहिल्या गटातली मुलं आज हयात असती तर नव्वदीच्या पुढची असती.

न्यूझीलंडमध्ये शिकवणारे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतले जुने आकडे तपासून दाखवलं की तिथे दर दहा वर्षांनी मुलांचे गुण साधारण तीनने वर सरकत होते. मुलं आजोबांपेक्षा एवढी शहाणी झाली का, यावर अजून भांडण आहे, त्यात मी पडत नाही. मला कामाची गोष्ट एवढीच की पट्टी, म्हणजे मानकं, जुनी असेल तर आकडा फुगतो. हे मला पुस्तकातून नाही, एका मुलामुळे कळलं. २००३ साली नववीतल्या एका मुलाची जुन्या चाचणीवर तपासणी झाली, बुद्ध्यंक आला ७६. सहा महिन्यांनी दुसरीकडे त्यामानाने नव्या चाचणीवर ६८. सत्तरच्या अलीकडे की पलीकडे यावर बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेतली सवलत. त्याचे वडील माझ्यासमोर दोन कागद धरून बसले होते. ‘‘बाई, यातलं खरं कुठलं?’’ मी त्यांना म्हणाले, दोन्हीत चार-पाच गुणांची चूक धरूनच चाला, शिवाय दुसऱ्या चाचणीच्या दिवशी त्याला ताप होता असं तुम्हीच सांगताय. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले. मी बरोबर बोलले होते, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. त्या मुलाची आज ओगलेवाडीच्या बाजूला स्वतःची पिठाची गिरणी आहे, मी दळण तिथेच टाकते.

जुन्या पट्टीने अख्खा देश कसा फसू शकतो त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. वेस्ट व्हर्जिनियातले एक डॉक्टर, जॉन कॅनेल. त्यांच्या राज्यात निरक्षरता भरपूर, तरी शाळांचे चाचणी-निकाल राष्ट्रीय सरासरीच्या वर. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी बाकीच्या राज्यांकडे निकाल मागितले. १९८७ मध्ये अहवाल काढला की प्राथमिक इयत्तांत पन्नासच्या पन्नास राज्यं सरासरीच्या वर! सगळेच सरासरीच्या वर, मग खाली कोण? कारणं अगदी साधी निघाली. मानकं काही वर्षांपूर्वीच्या गटाची होती, दरवर्षी तीच प्रश्नपत्रिका वापरात होती आणि प्रश्न माहीत झालेले शिक्षक तेवढंच घोटून घेत होते. पुढे जाणत्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा गाभा खरा ठरला. एका डॉक्टरने हे बाहेर काढलं, शिक्षणखात्याने नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. प्रश्नसंच शाळेत कसे मुरतात ते स्टाफरूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, आपल्याकडेही.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेकडे बघा. लोक तिला एकच परीक्षा समजतात, पण तिच्या पोटात दोन मापं आहेत. दीडशे-दीडशेचे दोन पेपर, प्रत्येकात किमान ४० टक्के मिळाले की मूल ‘पात्र’. इथे कुणाशी तुलना नाही, सगळा जिल्हा पात्र झाला तरी चालतं. पण शिष्यवृत्ती ‘धारक’ होणं गुणवत्ता यादीवर, म्हणजे पुन्हा रांग. ‘पात्र झाला पण धारक नाही’ हे ऐकून खट्टू झालेली आई मी दरवर्षी बघितली. तुमच्या मुलाला जे यायला हवं होतं ते आलं, जागाच मोजक्या होत्या, हे समजवायला मला दर वेळी अर्धा तास लागे आणि दर वेळी माझ्या शब्दांपेक्षा यादीच जास्त खरी वाटे.

याउलट खेड्यांतल्या मुलांना काय येतं ते बघणाऱ्या ‘असर’ या पाहणीत कार्यकर्ते गावात घरी जातात, मुलासमोर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ठेवतात, वाचता येतं की नाही एवढंच बघतात. त्यात शेजारच्या पिंट्याचा संबंध येत नाही. त्या पाहणीवरही आक्षेप आहेत, मला ठाऊक आहे. तरी चौथीपर्यंतच्या मुलाबद्दल आईबापांना कळायला हवं ते हेच, असं मी म्हणेन. रांगा लावायला पुढे आयुष्य पडलं आहे. बारावीत सीईटी देताना पर्सेंटाइलशी गाठ पडतेच. २०१९ पासून तिथे प्रत्येक सत्राची रांग वेगळी लावतात, तेव्हा सकाळच्या पेपरला बसलेल्या आणि दुपारच्या पेपरला बसलेल्या दोन मैत्रिणींचे सारखे गुण असूनही पर्सेंटाइल वेगळं येतं आणि घरात रडारड होते. तोवर कुणी समजावलेलंच नसतं.

माझी शिक्षण विभागाला विनंती एवढीच आहे की शाळेत पैसे घेऊन होणाऱ्या प्रत्येक चाचणीच्या निकालपत्रावर, आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात आणि मराठीत एक ओळ सक्तीची करा : हे पर्सेंटाइल किती मुलांमधलं, कोणत्या माध्यमाच्या, शहरातल्या की खेड्यातल्या, आणि कोणत्या साली तपासलेल्या. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी मानकांची तारीखही छापा. आणि संपादक महाराज, आपल्याही अंकात शाळांच्या यशाच्या बातम्या येतात. बातमी छापण्याआधी शाळेला एकदा फोन करून ‘कुणाच्या रांगेत’ एवढं विचारायला कुणाला सांगाल का?

मी विचारलं. फ्लेक्सवरच्या नंबरवर मंगळवारी फोन केला. एका तरुण मुलाने उचलला, आवाज गोड. ९० पर्सेंटाइल कुठल्या गटातलं, विचारलं. म्हणाला, ‘‘मॅडम, नव्वद म्हणजे नव्वदच.’’ मग म्हणाला, वरिष्ठांना विचारून व्हॉट्सअ‍ॅप करतो. आज शनिवार. त्याच्याकडून प्रवेशाचं माहितीपत्रक आणि फीचा तक्ता आला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कराड