हिप्परग्याच्या मामांना, काळ्या पायांच्या पाखराबद्दल

आदरणीय मामा,
साष्टांग नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मामा लिहितोय. "नाव छापलं की लोकं तळ्यावर येऊन तेच तेच विचारत बसतात. जाळं कधी टाकायचं मग?" हे तुमचं म्हणणं मला पटलं. पण 2020 च्या पुरात सोलापूरजवळच्या हिप्परगा तळ्यावर तुम्हाला सापडलेल्या त्या पाखराच्या फोटोखाली पाच वर्षं माझं एकट्याचं नाव आहे, ते काही मला पटत नाही. ज्यांनी ज्यांनी त्या फोटोला शाबासकी दिली त्यांनी हे पत्र वाचावं, म्हणून ते असं उघड्यावर लिहितोय.

14 ऑक्टोबर 2020 चा पाऊस सोलापूरकर विसरायचे नाहीत. बंगालच्या उपसागरातलं ते वादळ आदल्या दिवशी सकाळी आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर चढलं. एरवी अशी वादळं किनारा ओलांडला की दमतात. हे मात्र तेलंगण ओलांडून, हैदराबाद बुडवून सरळ आपल्या अंगावर आलं. भीमेला पूर, सीनेला पूर, पंढरपुरात घाटावर पाणी. आमच्या गल्लीतही गुडघाभर होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास तुमचा फोन आला. मी घरातलं पाणी बादलीनं बाहेर काढत होतो.

"सर, बांधावर एक पाखरू बसलंय. उडंना झालंय. आपल्यातलं न्हाई ते."

तुम्ही सांगितलेलं शब्दन् शब्द मला आठवतंय, कारण नंतर ते मला फार बोचलं. पाठ काळीकुळकुळीत, पोट पांढरं. शेपूट कात्रीसारखं. चोच काळी, पाय पण काळे. आणि कपाळावर गंध लावल्यागत पांढरं, "पण गंध डोळ्यापर्यंतच हाय, मागं न्हाई गेलेलं."

यावर मी, पंधरा वर्षं दुर्बीण गळ्यात घालून हिंडणारा माणूस, काय म्हणालो? "नदी सुरयच असणार, मामा. भिजल्यामुळं काळी दिसत असंल."

नदी सुरय! जी तुमच्या जाळ्यावर रोज घिरट्या घालते, जिची चोच पिवळीधमक आणि पाय शेंदरी असतात. तुम्ही वाद घातला नाहीत. "बरं," म्हणालात आणि फोन ठेवलात. दुपारी बाराला पुन्हा केलात. "बघून तर जावा की सर. तुमचं पाणी उपसून झालं का?" या दुसऱ्या फोनबद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. एकदा झिडकारलं की माणूस सहसा पुन्हा विचारत नाही.

तुळजापूर रोडनं कसाबसा पोचेपर्यंत चार वाजले होते. तळं सगळं चहाच्या रंगाचं झालेलं, काठावरची बेशरमाची झुडपं पाण्यात. तुम्ही बांधावर पोत्यावर बसलेले, आणि शेजारी कोंबड्या झाकायची डाल. सकाळपासून कुत्री, कावळे आणि गावातली पोरं, तिघांनाही तुम्ही एकट्यानं थोपवून धरलं होतं. एक पोरगं चिलापी माशाचा तुकडा घेऊन आलं होतं, एकाला चोच उघडून पाणी पाजायचं होतं, एकाला डालीबाहेर काढून व्हिडिओ करायचा होता. तुम्ही कुणालाच हात लावू दिला नाहीत. जखमी किंवा दमलेल्या पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतलं की ते श्वासनळीत जाऊन तो मरू शकतो, त्याला आधी अंधार, ऊब आणि शांतता लागते, हे आम्ही शिबिरात शिकतो. तुम्हाला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणालात, "आजारी माणसाला तरी आपण लगेच जेवायला वाढतो का?"

मी डाल उचलली आणि माझी बोलती बंद झाली.

सूटी टर्न. सुरयांचीच जात, पण खुल्या समुद्रातली. गंध डोळ्यापर्यंतच होतं. हिची एक बहीण आहे, ब्रायडल्ड टर्न, आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर वीण करणारी. तिची पाठ राखाडी-तपकिरी असते आणि कपाळाचं पांढरं डोळ्याच्या मागं भुवईसारखं जातं. या दोघींत भलेभले गडबडतात. तुम्ही ती खूण सकाळी सातला, पुस्तक न बघता, फोनवर सांगितली होती. आकारानं ती नदी सुरयएवढीच, त्यामुळं माझी चूक झाली असं मी मित्रांना सांगत आलो. खरं कारण वेगळं आहे मामा. मला वाटलं, मासेमाराला काय कळतंय.

त्या संध्याकाळी बांधावर बसून तुम्ही विचारलंत की हे इथं आलंच कसं. मी दिलेलं उत्तर जरा गडबडीचं होतं, आता नीट देतो. वादळाचे वारे आपल्याकडं घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात. वादळ पूर्वेकडून पश्चिमेकडं चाललेलं असलं तर त्याच्या उत्तर अंगाला वारा पूर्वेकडूनच येतो, म्हणजे वादळाची चाल आणि वाऱ्याचा जोर एकाच दिशेला. त्यात सापडलेल्या पाखरानं उलटं उडायचं म्हटलं तर ते दमून पडणार. मग ते वाऱ्याबरोबर वाहत राहतं, आणि खाली कुठं मोठं पाणी चमकलं की उतरतं. काकीनाडा ते सोलापूर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. रत्नागिरीचा समुद्र निम्म्याहून जवळ, पण त्या दिवशीचा वारा बघता ते पूर्वेकडूनच आलं असावं असं मला वाटतं. अभ्यासक खुणेसाठी घालतात तसलं कडं पायात नव्हतं, त्यामुळं पुरावा काही नाही.

आणि ही जात म्हणजे नुसती हवेत राहणारी. पिसं पाण्यात लवकर भिजतात, म्हणून पाण्यावर ती क्वचितच बसते. पिल्लू एकदा बेटावरून उडालं की काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही, वीण करायला येतं तेव्हाच. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणा की. पण विंचू निदान दगडाखाली तरी बसतो."

1926 या हेल्पलाइनवर वनखात्याला कळवलं. पुरामुळं जो तो गुंतलेला, माणूस सकाळी येणार असं ठरलं. मी म्हटलं रात्री घरी घेऊन जातो. तुम्ही म्हणालात, पाण्यातनं मोटरसायकलवर आदळत नेण्यापेक्षा इथंच राहू दे. तेही बरोबरच होतं. पहाटे चारला ते गेलं. तुम्ही फोन केलात तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त एक प्रश्न विचारलात: "सर, हेच्या गावाकडं कळवायचं कुणाला?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

मी सकाळी पोचलो तेव्हा तुम्ही ते मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, वेगळ्या बर्फावर ठेवलं होतंत. त्या दिवशीचा माल कमी बर्फात गेला असणार, तुम्ही ते बोलला नाहीत, मी पेट्या बघून ओळखलं. मासे तोलायच्या काट्यावर आपण त्याचं वजन केलं. सव्वाशे ग्रॅम. धडधाकट सूटी टर्न दीडशेपासून सव्वादोनशेपर्यंत भरते. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागत होतं. वनरक्षक आले, पंचनामा झाला, त्यांनी पाखरू ताब्यात घेतलं. पंखाची मापं, चोचीचे फोटो, वजन, सगळं नोंदीत गेलं. तुम्ही बर्फावर ठेवलं नसतं तर ऑक्टोबरच्या दमट हवेत दुपारपर्यंत मोजण्यासारखं काही उरलं नसतं.

नोंद करताना निरीक्षक या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. सवयीनं. ते पाखरू पहिल्यांदा पाहिलं तुम्ही, ओळखलंही एका अर्थानं तुम्हीच. या आठवड्यात मी ती नोंद दुरुस्त केली. "स्थानिक मासेमार यांनी प्रथम पाहिला, वर्णन अचूक दिलं, रात्रभर सांभाळला" असं लिहिलंय. नाव नाही घातलं, काळजी नसावी.

तुमच्यामुळं माझ्यात एक फरक पडलाय. कुणाचाही फोन आला, गुराख्याचा असो की ऊसतोड कामगाराचा, तर मी आधी पाय कसल्या रंगाचे विचारतो आणि मग गप्प बसून ऐकतो. दहातल्या नऊ वेळा ते साधं ओळखीचं पाखरू निघतं. निघू दे.

काकूंनी त्या सकाळी दिलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी विसरलेलो नाही. त्यांनाही नमस्कार सांगा. नवी डाल बुरुडाकडं सांगितली आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो. जुनी त्या पावसात कुजली ती कुजलीच.

समुद्रात कुठंही वादळ उठलं की मी हवामान खात्याचा नकाशा उघडतो आणि लगेच तुम्हाला फोन लावतो. परवा लावला तेव्हा विचारलं, तळ्यावर काही वेगळं दिसतंय का. तुम्ही जरा थांबलात, आणि मागं काकूंचं हसणं मला ऐकू आलं.

"एक हाय बसलेलं. पण नदी सुरयच असणार, सर. भिजल्यामुळं काळी दिसत असंल."

तुमचा,
सर